मागच्या सीटवरचा दगड

गोपीचंदजी, नमस्कार. जे घडलं ते क्रमाने लिहिते.

१. दोन नोव्हेंबरला आसगावला येऊन मी तुमच्याकडून बंद पडलेली मोटारसायकल घेतली.
२. गाडीच्या मागच्या सीटवर काथ्याने बांधलेला दगड होता. तो काढू नका, असं तुम्ही सांगितलं. कारण खरं सांगितलं नाही.
३. मी तो काढला.
४. गाडीचं इंजिन खोललेलं आहे. ब्लॉक आणि पिस्टन माझ्या टेबलावर आहेत. ही गाडी चालू शकत नाही.
५. तरीही माझ्या घरमालकीण सुशीलाबाईंची मुलगी डिंपल तिच्या मागच्या सीटवर बसून दोनदा गेली. पहिल्यांदा तिचे पाय ओले होते. दुसऱ्यांदा ती कमरेपर्यंत ओली होती.

सोबत माझ्या रोजनिशीची पानं फाडून जोडली आहेत. आधी जे लिहिलं होतं त्यातलं काही बदललेलं नाही. शेवटच्या पानावर एक प्रश्न आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

आज गाडी आणली. माझी पहिली.

साकोलीत येऊन आठवडा झाला. नोकरी राईस मिलच्या मशीनच्या देखभालीची. मिल हायवेच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या, आणि ऑटो हवा तेव्हा मिळत नाही. चालू गाडी घेता आली असती. पण सिन्नरला पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं मुलांच्या गाड्या दुरुस्त करून दिल्या, स्वतःची कधी नव्हती. आता जी घेईन तिचा प्रत्येक नट माझ्या हाताने लागलेला असावा, असं ठरवलं होतं. म्हणून मुद्दाम बंद पडलेली शोधली.

खोली छान आहे. सुशीलाबाईंच्या अंगणात वेगळी, शेजारी पत्र्याची शेड, मागे धानाचं शेत, आणि शेतापलीकडे तलाव. सकाळी पाण्यावर कमळाची पानं दिसतात.

गाडी आसगावच्या गोपीचंदजींकडे होती. गोठ्याच्या टोकाला, धानाच्या तणसाच्या ढिगाआड. शंभर सीसी, काळी, लाल पट्टा. टायर गेलेले, किक जाम, पण फ्रेम सरळ. मागच्या सीटवर भोपळ्याएवढा गुळगुळीत दगड काथ्याने बांधलेला, त्यावर हळदकुंकू. हे काय, असं विचारलं. गोपीचंदजी म्हणाले, "मांगून हलकी हाय म्याडम, गचक्यात उडते. दगड काढजा नोका."

गाडी छोट्या हत्तीत, म्हणजे टेम्पोत, चढवताना त्यांच्या पत्नी रंभाबाई दारात उभ्या होत्या. शेवटी पुढे आल्या आणि दगडावरून हात फिरवला, परगावी निघालेल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवावा तसा.

इथे उतरवली तर डिंपल कॉलेजमधून आलेली. कमरेवर हात ठेवून तिने गाडीभोवती एक फेरी मारली. "ताई, गाडी आनली का भंगार? अन् मांगं बसले थे जिजाजी काय?" सुशीलाबाई आतून ओरडल्या की पोट्टीच्या तोंडाले लगाम नाही. मला हसू आलं. दिवस चांगला गेला.

४ नोव्हेंबर, मंगळवार

कामावरून लवकर सुटले. अंधार पडायच्या आत गाडीची तपासणी केली.

किक हलत नाही, म्हणजे पिस्टन धरलेला. डबल स्टँडचा पाय गंजून तुटलेला. साइड स्टँड ठीक. चेन एक गंजलेला तुकडा झाली आहे.

गोपीचंदजींच्या कारणाचा विचार केला. या गाडीचा मागचा भाग हलका नाही. एकटा माणूस बसला तरी वजनाचा मोठा वाटा मागच्याच चाकावर येतो. गचक्यात उडते म्हणजे मागचे शॉकअप गेलेले. त्यावर इलाज शॉकअप बदलणं हा आहे, सीटवर दगड बांधणं नव्हे. त्यांनी देवाचं कारण सांगितलं असतं तर मी हात लावला नसता. लोकांच्या श्रद्धेच्या वस्तूंना मी हात लावत नाही. पण त्यांनी तांत्रिक कारण दिलं, आणि ते चूक होतं.

काथ्या सोडला. दगड दोन्ही हातांनी उतरवावा लागला. मागचं चाक सरकत होतं आणि उटी, म्हणजे अडकण, लावायला काही नव्हतं. तोच दगड चाकाखाली सरकवला. चपखल बसला. मागचे दोन्ही फुटरेस्ट दुमडले आणि हात धुतले.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हेड काढलं. आत गाळ.

बारीक, राखाडी, तळ्याच्या काठाला असतो तसा. कार्बोरेटरमध्येही तोच, आणि एक वाळलेला कमळाचा देठ. गोपीचंदजींना फोन केला. म्हणाले, पाण्यात गेली होती. कशी, असं विचारल्यावर रेंज नाही म्हणाले. हे आधी सांगायला हवं होतं. पण किंमत भंगाराच्या जवळची होती, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही.

पिस्टनवर डिझेल ओतून ठेवलं आहे. गंज सुटायला वेळ लागेल.

नोंद: पुढचं सीट ओलं आहे. फोमने धरलेलं पाणी असावं. मागचं मात्र कोरडं. सीट सलग आहे, फोम एकच.

९ नोव्हेंबर, रविवार

ब्लॉक निघाला. पिस्टनही. दोन्ही वर्तमानपत्रावर ठेवून टेबलावर आणले. घासून पाहिलं, एक साइज मोठा पिस्टन टाकून काम होईल. बरं वाटलं.

परत शेडमध्ये गेले तर मागचे फुटरेस्ट उघडे. दोन्ही. पुन्हा दुमडले. स्प्रिंग ढिली असेल.

दुपारी डिंपल मैत्रिणीला पाठवायला फोटो काढत होती, गाडीवर बसून. मागे बसली होती. पुढे का नाही बसलीस, असं विचारलं. "पुढं ओलं हाय ना ताई." ते तिला न बसता कसं कळलं, हे विचारायचं राहिलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

कामाला निघताना सायलेन्सरला हात लागला. गरम होता.

लिहिलेलं पुन्हा वाचलं. गरमच लिहायचं आहे. सकाळी, ऊन पत्र्यावर यायच्या आधी. ब्लॉक टेबलावर आहे, सायलेन्सरचा पाइप कशालाच जोडलेला नाही, त्याचं तोंड हवेत आहे. हाताची पाठ लावून पुन्हा पाहिलं. नुकतीच थांबवलेल्या गाडीचा असतो तेवढा.

फुटरेस्ट उघडे होते. बाइंडिंग वायरने बांधले, पक्कडने पीळ दिला.

संध्याकाळी आले तेव्हा वायर जमिनीवर होती. तुटलेली नव्हती. पीळ उलटा उलगडून सरळ केलेली.

सुशीलाबाईंना विचारलं, शेडमध्ये कोणी आलं होतं का. त्या म्हणाल्या, "कोन येते वं इथं? कुत्रंबी जाऊन नाही राहिलं तिकडं चार दिसापासून."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल फुटरेस्ट बोल्ट काढून वेगळे केले. खोलीत, माझ्या पलंगाखाली, डब्यात.

आज सकाळी गाडीला लागलेले होते. साधा वॉशर, त्यावर स्प्रिंग वॉशर, मग नट. क्रम बरोबर. दोन्ही उघडे.

डबा पलंगाखाली होता. रिकामा.

बराच वेळ नटाकडे पाहत बसले. हे काम गाडी नीट ठेवणाऱ्या माणसाचं आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मिलमध्ये बेल्ट बदलायचा होता, दुपारी संपलं. घरी आले तर डिंपल शेडमध्ये, गाडीवर, मागच्या सीटवर. डोळे मिटलेले. पाय फुटरेस्टवर. दोन्ही हात समोर उचललेले, खांद्याच्या उंचीवर, बोटं वाकलेली. पुढे बसलेल्या कोणाचे तरी खांदे धरावेत तशी.

हाक मारली. ऐकलं नाही. खांद्याला धरून उतरवलं तेव्हा डोळे उघडले. म्हणाली, "काहून थांबवली ताई? मले तिकडं सोडूनच देऊन राहिला होता थो."

कोण, असं विचारल्यावर तिला आठवेना.

सलवारच्या पायांतून पाणी गळत होतं. टाचांना काळा चिखल. अंगण कोरडं आहे. शेतातलं पाणी कापणीसाठी कधीच सोडून दिलं आहे. चिखल फक्त तलावाकडे आहे.

सुशीलाबाईंनी तिची दृष्ट काढली. उद्या आसगाव.

१६ नोव्हेंबर, रविवार

एसटीने भंडारा, तिथून पवनीची गाडी, आसगाव. हे सविस्तर लिहिते, कारण इथून पुढे सविस्तर लिहिणं जमेल असं वाटत नाही.

रंभाबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला पाहून सूप खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न विचारला की दगड कुठे आहे. मी सांगितलं, चाकाखाली, उटी म्हणून. त्या जागच्या जागी बसल्या.

मग सांगितलं. गाडी त्यांच्या मुलाची, कुलदीपची. तो कोणालाच नाही म्हणत नसे. तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, कोणीही उभं दिसलं की थांबायचा. मागे झुकून स्वतःच्या हाताने फुटरेस्ट पाडायचा, आणि मग म्हणायचा, बसा. गावातले चेष्टा करत की कुलदीपची गाडी म्हणजे फुकटची एसटी. दोन वर्षांपूर्वी पुरात सांडव्यावरून पाणी जात होतं. पलीकडे एक म्हातारी अडकली होती, तिला आणायला हा गेला. म्हातारी दुसऱ्या वाटेने घरी आली. गाडी पाणी उतरल्यावर मिळाली. कुलदीप मिळाला नाही.

"थो अजून थिलेच आनाले निंगाला हाय," रंभाबाई म्हणाल्या. "सवारी घेऊन पार उतरल्याबिगर घरी येनार नाही. असाच होता थो."

गाडी घरी आणल्यावर महिन्याभरात धाकटी मुलगी शालू तिच्या मागच्या सीटवर बसलेली सापडली. पाय ओले. तिला मावशीकडे पाठवलं, तिथून ती चालत परत आली. दुसऱ्यांदा कमरेपर्यंत. तिसऱ्यांदा तलावातच सापडली. पाण्यावर फक्त केस होते, ते धरून ओढली. वाचली. आता लग्न करून लांब दिली आहे.

त्यानंतर गोपीचंदजींनी पारीवरचा दगड आणला. त्याला अंघोळ घातली, हळदकुंकू लावलं, मागच्या सीटवर बसवला आणि मुलाला म्हणाले, सवारी बसली बाबू, आता थांब. त्यानंतर गाडी शांत झाली.

मी म्हणाले, मग मी तोच दगड पुन्हा बसवते. रंभाबाईंनी मान हलवली. "चाकाखाली घातलेला मानूस नाही राहे वं, गोटा होते. नवा लागते. अन् बापानंच बसवला पायजे. दुसऱ्याचं थो आयकत नाही."

गोपीचंदजी घरात होते. चपला दाराशी होत्या. रंभाबाई आत जाऊन आल्या आणि खाली पाहून म्हणाल्या की ते म्हणतात, इकली थे इकली. व्यवहार झाला. परत गाडीपाशी येणार नाही. दाराआड कोणीतरी खोकलं. मी दाराकडे तोंड करून सगळं पुन्हा एकदा सांगितलं, डिंपलचं नाव घेऊन. चपला दाराशीच राहिल्या.

निघताना रंभाबाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "थो वाईट नाही. मनापासून सांगतो, माहा लेक वाईट नाही."

हेच मला सगळ्यात जास्त—

१७ नोव्हेंबर, सोमवार

सुट्टी टाकली. सुशीलाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला शिव्या दिल्या, मग रडल्या, मग डिंपलला लाखनीला मावशीकडे पाठवलं.

दगड तरीही सीटवर बांधून पाहिला. जेवून आले तर पुन्हा खाली, चाकाखाली. काथ्याची गाठ सुटलेली, दोरी गुंडाळून हँडलला अडकवलेली. नीटनेटकी.

भंगारवाल्याला बोलवायचा विचार केला. पण मग गाडी कुठे उभी राहील, तिथे कोणाची मुलगी असेल, हे मला कळणार नाही. दगड मी काढला आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सीट काढलं. खोलीत कुलपात ठेवलं. नुसती फ्रेम उभी आहे. फ्रेमवर कोणी बसत नाही.

आरसा मागे वळलेला आहे. पुढे बसणाऱ्याला मागचं माणूस दिसावं असा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

लाखनीहून दुपारी फोन. डिंपल घरात नाही.

सुशीलाबाई आणि मी ऑटोने हायवेवर शोधत निघालो. सापडली नाही. परत आलो तर शेडमध्ये होती. सीट गाडीला लागलेलं. खोलीचं कुलूप तसंच. ती मागे बसलेली, हात समोर.

कमरेपर्यंत ओली. केसांना कमळाचं पान. चप्पल नाही, तळवे सोललेले. लाखनीपासून चालत आली असणार. पण मग पाणी—

सुशीलाबाईंनी तिला कुशीत घेतलं तर तिने आईला ढकललं. म्हणाली, "सोड ना वं आई. मले घेवाले आला हाय. थो किती येळचा थांबला हाय."

आता तिसरी वेळ.

२० नोव्हेंबर, गुरुवार

डिंपलला आतल्या खोलीत ठेवलं. सुशीलाबाई दारात. ती सारखी उठते, दार चाचपते, विनवते, ओरडत नाही.

विचार केला. त्याला सवारी हवी आहे. सवारी बसलेली असेल तर तो दुसरी शोधत नाही. दगडाचं काम एवढंच होतं. दगडाला तर काही कळतही नाही, तरी त्याच्यावर भागलं. मग माणूस बसला तर काय हरकत आहे.

दुपारी गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. पाय फुटरेस्टवर ठेवले नाहीत, लोंबकळत ठेवले.

थोड्या वेळाने सुशीलाबाई बाहेर आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, झोपली. कालपासून पहिल्यांदा झोपली.

मी उतरले. आतून दार वाजवण्याचा आवाज सुरू झाला.

पुन्हा बसले. थांबला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल दुपारपासून इथेच. सुशीलाबाई चहा इथेच देतात. हातात वही धरून लिहिते आहे, अक्षर वाकडं आहे, समजून घ्या.

उतरलं की डिंपल उठते. चार पावलं गेले तरी. दोनदा पाहिलं, पुन्हा पाहणार नाही.

सुशीलाबाईंचा भाऊ डिंपलपाशी बसायला आला आहे. त्या आता ही पानं घेऊन दुपारच्या एसटीने तुमच्याकडे निघतील. दाराआडून बोलू नका त्यांच्याशी. एका आईला दाराआडून उत्तर देऊ नका.

वास येतो आहे. साचलेल्या पाण्याचा, आणि पेट्रोलचा. टाकीत पेट्रोल नाही. मी स्वतः रिकामी केली.

सुशीलाबाई पिशवी आणायला आत गेल्या आहेत. तेवढ्यात लिहून संपवते.

पुढचं सीट आत्ता खाली गेलं. शॉकअप दाबले गेले. करकर ऐकू आली. एका माणसाच्या वजनाइतकं. माझ्या गुडघ्यांना पुढे ओलं—

मी त्याला सांगितलं, तुझे वडील येत आहेत, थांब. ऐकत नाही. रंभाबाई म्हणाल्याच होत्या. दुसऱ्याचं ऐकत नाही.

फुटरेस्ट माझ्या पायाखाली आले. मी हात लावला नाही. हळूच आले, पायाला लागू नये असे—

प्रश्न असा, गोपीचंदजी. पारीवरचा दगड घेऊन तुम्ही स्वतः साकोलीला याल का? तो इथे बसवाल का, आणि तुमच्या मुलाला तुमच्या तोंडाने सांगाल का, की सवारी बसली?

हो किंवा नाही, तेवढंच कळवा. सोमवार, २४ नोव्हेंबरपर्यंत. तोवर हे सीट मी रिकामं ठेवणार नाही. पण गाडी आत्ता हलली, उटीचा दगड चाकाखालून आपोआप सरक—

सोमवारपर्यंत कळवा. कृपा करून सोमवारच्या आत, मला पलीकडचा काठ दिस—